मुंगीचा सहावा खर्डा

नववी 'क'च्या एकेचाळीस वह्या बाईंनी एका शनिवारी दुपारी तपासायला घेतल्या आणि अकराव्या वहीपाशी पेन खाली ठेवलं. इंग्रजी निबंधाचा विषय होता 'एक अविस्मरणीय दिवस'. अकराच्या अकरा मुलं समुद्रकिनारी गेली होती. अकराही जणांनी पहाटे उठून सूर्योदय पाहिला होता आणि प्रत्येकाचा सूर्य सोन्याच्या ताटासारखा वर आला होता. बाईंनी उरलेल्या तीस वह्या भराभर उलटल्या. त्यांत आणखी सव्वीस सूर्योदय निघाले. राहिलेल्या चौघांपैकी दोघांनी निबंध लिहिलाच नव्हता आणि दोघांनी सूर्यास्त लिहिला होता. त्यांनी चुकून गाइडचं पुढचं पान पाठ केलं होतं.

समुद्र शाळेपासून चारशे किलोमीटर लांब होता. बाईंच्या अंदाजाने वर्गातल्या फार तर तिघांनी तो डोळ्यांनी पाहिला असेल.

बाईंची आई पलीकडे शेंगा सोलत बसली होती. पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेली बाई ती, आडपडदा न ठेवता बोलायची सवय.

"काय झालं? कपाळाला हात लावून का बसलीस?"

बाईंनी सूर्योदयांचं सांगितलं. आई हसली नाही.

"मग मार्क किती देणार आहेस?"

"दहापैकी सात. व्याकरण बरोबर आहे सगळ्यांचं."

"म्हणजे गेल्या वर्षीही सातच दिले असशील. त्याच्या आदल्या वर्षीही." आईने एक शेंग फोडली. "मग हे तूच शिकवलंस की त्यांना."

बाईंना राग आला. चौदा वर्षं त्या इंग्रजी शिकवत होत्या. त्यांचा निकाल चांगला लागायचा, पालक खूश असायचे, मुख्याध्यापक खूश असायचे. त्या रात्री त्यांनी एकेचाळीस वह्यांपैकी एकीवरही मार्क टाकले नाहीत.

त्या आठवड्यात वर्गात एका दीपगृहाच्या राखणदाराचा धडा चालू होता. सोमवारी बाईंनी विचारलं, "हा माणूस कसा आहे?"

"लोनली," वर्ग एका सुरात म्हणाला. गाइडमध्ये तसं छापलं होतं.

"बरं. मग धड्यात हा शब्द कुठे आहे, तेवढा शोधून दाखवा मला."

दहा मिनिटं पानांची फडफड चालली. शब्द काही हाताला लागेना. वर्गात एक तोंडाळ मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणत. तो उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बाई, छपाईत राहून गेला असणार." वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या.

हशा ओसरला तसा तिसऱ्या बाकावरून एक बारीक आवाज आला. "बाई, तो सकाळी दोन कप धुतो. पण तिथे दुसरं कुणी राहतच नाही."

बोलणारी मुंगी होती. तिला हे नाव घरीच पडलं होतं आणि शाळेत येताना ते तिच्याबरोबर आलं. अंगाने लहानखुरी, आणि अक्षर इतकं बारीक की एका ओळीत दोन ओळी मावाव्यात. तिमाहीत तिला इंग्रजीत शंभरपैकी पंचेचाळीस मार्क पडले होते. वर्गात ती कधी आपण होऊन बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

बाईंनी पुस्तकात पाहिलं. खरंच, दुसऱ्या पानावर, मधल्याच एका वाक्यात, दोन कप होते. हा धडा त्यांनी चौदा वर्षं शिकवला होता आणि त्या कपांकडे त्यांचं स्वतःचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "नाही, उभी राहा आणि परत सांग. सगळ्यांना ऐकू दे."

तिथून गाडीने रूळ बदलले. बाईंनी वर्गाला सांगितलं, आता एकच निबंध लिहायचा आणि तो चांगला होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचा. घरातलं कुणीही एक माणूस हाताने जे काम करतं, ते काम हाच विषय. त्या माणसाला आधी विचारायचं, जमलं तर काम करताना बघायचं आणि मगच लिहायचं. 'कष्टाळू', 'प्रेमळ', 'आदर्श' हे शब्द वर्गाबाहेर ठेवायचे. "आणि मी तुमच्या वहीत माझा एकही शब्द लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "लाल पेनने फक्त प्रश्न विचारीन. उत्तर तुम्ही शोधायचं."

"किती वेळा लिहायचं, बाई?" वकिलाने विचारलं.

"माझे प्रश्न संपेपर्यंत."

वर्गाच्या नाकीनऊ आले. मुख्याध्यापकांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण निकालाचा आकडा हा त्यांचा जीव की प्राण.

"बाई, परीक्षेत घरकाम येत नाही. परीक्षेत सूर्योदय येतो."

"सर, ज्याला बघितलेलं लिहिता येईल त्याला न बघितलेलंही लिहिता येईल. उलटं होत नाही."

"आणि निकाल घसरला तर?"

"तर खापर माझ्या डोक्यावर फोडा."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. ती होकाराची होती की काळजीची, ते कळलं नाही. बाईंनी होकाराची धरली.

मुंगीचा पहिला खर्डा बाईंच्या हातात आला, तो असा होता: माझे वडील फार कष्टाळू आहेत, ते आमच्यासाठी देवासारखे आहेत, त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. इंग्रजी बिनचूक. बाईंनी समासात लाल पेनने लिहिलं, 'ते काम काय करतात?'

दुसऱ्या खर्ड्यात उत्तर आलं. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, ते यंत्र काळजीपूर्वक तपासतात. बाईंनी लिहिलं, 'कशाने तपासतात?'

मधल्या सुट्टीत मुंगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, ते कशाने तपासतात ते मला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे? कुणाला माहीत असेल?"

"बाबांना."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

मुंगी दोन क्षण तिथेच घुटमळली आणि गेली.

पुढचं बाईंना नंतर तिच्याच तोंडून कळलं. तिचे बाबा अबोल. संध्याकाळी घरी यायचे, हातांचं ग्रीस साबणाच्या चुऱ्याने घासून काढायचे, जेवायचे, बातम्या बघायचे. लेकीने "बाबा, तुम्ही मशीन कशाने तपासता?" असं विचारल्यावर ते आधी दचकलेच. त्यांना वाटलं, कुणीतरी तक्रार केली. वीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल त्यांना घरात कुणी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, सांगून कळायचं नाही, रविवारी चल.

रविवारी ते तिला एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत घेऊन गेले. दारातच जमिनीवर पिवळा पट्टा होता. "ह्याच्या आत पाऊल टाकायचं नाही," एवढं बजावून ते आत गेले. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली, चाक फिरू लागलं, आणि बाबांनी मशीनच्या पोटावर आपला तळहात सपाट ठेवला. डोळे मिटले.

"काय करताय, बाबा?"

"ऐकतोय."

"हाताने?"

"कानाला सगळ्या मोटारी सारख्याच. हाताला वेगळ्या कळतात."

तिसऱ्या खर्ड्यात मुंगीने लिहिलं, 'माझे वडील लिफ्ट तळहाताने ऐकतात.' इंग्रजीत ते सहा-सात शब्दांचं साधं वाक्य होतं. बाईंनी ते वाचलं, खुर्चीवरून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन पुन्हा वाचलं. त्या वाक्याशेजारी त्यांनी काहीच लिहिलं नाही. खालच्या वाक्याशेजारी मात्र लिहिलं. तिथे मुंगीने म्हटलं होतं की मोटार लिफ्टला दोराने वर ओढते. बाईंनी विचारलं, 'एवढं वजन एकटी मोटार ओढते?'

हा प्रश्न घरी गेला. मुंगीने आपला इंग्रजी खर्डा बाबांना मराठीत समजावून सांगितला आणि बाबांनी घास ताटात परत ठेवला. "हे साफ चूक लिहिलंयस," ते म्हणाले. मग वाटी, चमचा आणि दोरा घेऊन त्यांनी तिला दाखवलं. दोराच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला वजन. ते वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. मोटार नुसता तोल हलवते. "लोकांना वाटतं लिफ्ट पडेल. अगं, रिकामी लिफ्ट मोकळी सोडली तर ती वर जायला बघते."

चौथ्या खर्ड्यापासून निबंधाला दोन तपासनीस झाले. एक लाल पेनवाल्या बाई, दुसरे घरातले, ज्यांना इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते विचारत, "माझं कुठवर आलं?" ब्रेकचं आलं का, दारात अडकलेल्या बाळाच्या मोज्याचं आलं का, असं खोदून खोदून विचारत. मुंगी शाळेत येऊन तक्रार करू लागली, "बाई, तुमचे प्रश्न कमी आणि बाबांचेच जास्त झालेत."

बाकीचा वर्गही आता पेटला होता. वकिलाची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिच्या खनपटीला बसून त्याने पाच पानं लिहिली होती आणि बाईंनी प्रश्न विचारून विचारून त्याची दोनच पानं उरवली होती. तो म्हणाला, "बाई, तुम्ही विचारता म्हणून मी खोडतो. हा अन्याय आहे." पण खोडत होता.

सातव्या आठवड्यात मुंगीचा सहावा खर्डा आला. त्याची सुरुवात अशी होती: लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला ती पडेल अशी भीती वाटते. माझे वडील सांगतात, रिकाम्या लिफ्टला वर जायचं असतं.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. लाल पेन हातात होतं. विचारायला काही सापडेना.

दर वर्षी शाळाशाळांमधली इंग्रजी लेखनस्पर्धा व्हायची आणि शाळेतर्फे 'अ' तुकडीतलं कुणीतरी भाग घ्यायचं. ते इतकं ठरलेलं होतं की अर्जावर आधीच 'नववी अ' असं टाइप केलेलं होतं. बाईंनी 'अ' खोडून 'क' केला आणि मुंगीचा निबंध जोडला. मुख्याध्यापकांनी सही केली, पण सही करताना पेन दोनदा थांबवलं.

तीन आठवड्यांनी स्पर्धा घेणाऱ्या मंडळाच्या कार्यालयातून पत्र आलं. मुख्याध्यापकांनी बाईंना ते उभ्या उभ्याच वाचायला दिलं. 'सदर निबंधातील भाषा व कल्पना नववीच्या विद्यार्थिनीच्या आवाक्याबाहेरच्या असून प्रौढ व्यक्तीचे साहाय्य घेतल्याचा संशय आहे. सबब निबंध स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे. खुलासा करावयाचा असल्यास गुरुवारी अकरा वाजता विद्यार्थिनीसह उपस्थित राहावे.'

मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं. "बाई, आपल्या दोघांत राहील. जरासा हात फिरवलात ना तुम्ही?"

"नाही, सर."

"एखादं वाक्य?"

"एक स्वल्पविराम दाखवला होता. तोही कुठे हवा ते तिनेच शोधलं."

"मग मूग गिळून गप्प बसू. गेलं तर गेलं. उगाच शाळेचं नाव चर्चेत नको."

"सर, मी गुरुवारी जाणार आहे," बाई म्हणाल्या. "गप्प बसलो तर तिने चोरी केली असं आपणच म्हटल्यासारखं होईल."

बाहेर आल्यावर त्या रागाने धुमसत होत्या. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. 'आवाक्याबाहेरच्या' या शब्दापाशी त्या थांबल्या. पंचेचाळीस मार्कांची, 'क' तुकडीतली, तिसऱ्या बाकावरची पोरगी. रागाच्या मागोमाग बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्यांना त्याची जरा लाजही वाटली.

मुंगीला त्यांनी पत्राचं लपवाछपवी न करता सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझं वाईट झालंय की चांगलं झालंय?"

"इतकं चांगलं झालंय की त्यांचा विश्वास बसत नाही."

मुंगीने बाहीने डोळे पुसले. "मग वही घेऊन जाऊ. त्यात सगळं खोडलेलं आहे."

गुरुवारी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. ते कंपनीच्या निळ्या गणवेशातच आले, खांद्याला हत्यारांची पिशवी, कारण दुपारून कामावर जायचं होतं. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना ते बाईंना म्हणाले, "मी काही बोलणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही."

परीक्षक हे महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. पांढरे केस, स्वच्छ शर्ट, समोर निबंधाची प्रत, तिच्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा. ते उर्मट नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, मुलीला पाणी दिलं आणि मगच विषय काढला.

"बाई, मी चाळीस वर्षं शिकवलं. तळहाताने ऐकणं, लिफ्टला वर जायचं असणं, अशी वाक्यं चौदा वर्षांची मुलं लिहीत नाहीत. मोठ्यांनी लिहून दिलेली मात्र मी पुष्कळ पाहिली आहेत. मला कुणाला दुखवायचं नाही, पण मी काय समजायचं?"

बाईंनी वही पुढे सरकवली. "सहा खर्डे आहेत. पहिल्यापासून वाचा."

प्राध्यापकांनी चष्मा लावला. वही बारीक अक्षराने आणि काटछाटीने बरबटलेली होती. ते वाचू लागले आणि वाचता वाचता समासातले प्रश्न अर्धवट मोठ्याने म्हणू लागले. "'कशाने तपासतात?' हं. 'एवढं वजन एकटी मोटार ओढते?'" पानं मागे-पुढे झाली. "तुम्ही कुठेच शब्द सुचवलेला नाही."

"सुचवणार कुठून? मला लिफ्टमधलं काही कळत नाही."

"पण हे ऐकणं," प्राध्यापकांनी पेन्सिलीच्या पहिल्या खुणेवर बोट ठेवलं, "हा अलंकार आहे. तो कुणी शिकवला?"

मुंगीने बाईंकडे पाहिलं, मग बाबांकडे. "सर, अलंकार नाही तो. बाबा तसंच करतात."

खोलीच्या कोपऱ्यात एक उभा पंखा फिरत होता. काही बोलणार नाही म्हणणारे बाबा उठले. "साहेब, हात लावू का?" असं विचारून त्यांनी पंख्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"मागचं बेअरिंग जायला आलंय ह्याचं," ते म्हणाले. "महिना-दोन महिने काढेल. तुम्ही बघा ना."

प्राध्यापकही उठले. त्यांनी आपला हात तिथे ठेवला. "मला तर काहीच कळत नाही."

"लगेच हात काढू नका. थोडा वेळ राहू द्या."

प्राध्यापक उभे राहिले. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सरली. "आत काहीतरी गुरगुरतंय. बारीक."

"हां. तेच," बाबा म्हणाले आणि आपल्या जागेवर येऊन बसले.

प्राध्यापक खुर्चीत परतले, पण अजून पुरते वळले नव्हते. "बघितलेलं खरं आहे हे मान्य. लिहिणारी हीच आहे एवढंच मला बघायचंय." त्यांनी एक कोरा कागद मुंगीपुढे ठेवला. "इथे बसून एक परिच्छेद लिही. पंधरा मिनिटं. विषय, 'पहाट'."

गाइडचं ते पान अजूनही वर्गातल्या निम्म्या मुलांना पाठ होतं. मुंगीलाही असणार. सोन्याचं ताट लिहून टाकलं की सुटका होती.

मुंगी कागदाकडे बघत बसली. मग ती म्हणाली, "सर, मी सात वाजता उठते. मी पहाट नीट बघितलेली नाही."

"कल्पनेने लिही."

"दुसरं काही लिहू का? इथे जे बघता येईल असं?" तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मला आधी बघावं लागेल. आणि विचारावं लागेल. अर्धा तास द्याल का?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. ते बाईंकडे पाहू लागले, पण बाईंनी नजर मुंगीवरून हलवली नाही. "बरं," ते म्हणाले. "अर्धा तास."

बाहेरच्या बोळात एक म्हातारा बाइंडर बाकड्यावर बसून जुन्या कागदांचे गठ्ठे शिवत होता. जाड सुई, मेणाचा दोरा. येताना मुंगीने त्याला पाहिलं असणार. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. बाई समोरच्या भिंतीशी असलेल्या बाकावर बसल्या. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, मधल्याच भोकातून सुरुवात का करता?"

"कडेपासून केली तर गठ्ठा तिरका होतो."

"दोऱ्याला मेण कशाला?"

"नाहीतर कागद दोरा खातो."

"तुमचं हे बोट सुईने कापलंय?"

म्हातारा हसला. त्याने बोट वर धरून पाहिलं, जणू तोही पहिल्यांदाच बघत होता. "सुई नुसती टोचते गं. कापतो तो दोरा."

मुंगीने टिपून घेतलं. पुढचा प्रश्न विचारला. त्याच्यापुढचा विचारला. बाईंना बाकावर बसून काही करायचं नव्हतं. पेन पर्समध्ये होतं. प्रत्येक उत्तरानंतर त्या मनात म्हणत, आता हे विचार, आणि त्यांचं म्हणून व्हायच्या आत मुंगी ते विचारत होती, कधी त्यांना सुचलंही नसतं असं काही विचारत होती. शेजारी येऊन बसलेले बाबा हळूच म्हणाले, "घरीही असंच डोकं खाते." आणि मग मान दुसरीकडे वळवून त्यांनी नाक शिंकरलं.

परिच्छेद नऊ ओळींचा झाला. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या आणि एका क्रियापदाचा काळ घसरला होता. पण मधोमध ते वाक्य होतं: सुई नुसती टोचते, बोट कापतो तो दोरा. प्राध्यापकांनी दुरुस्तीसाठी पेन उघडलं, कागदावर नेलं, आणि पुन्हा टोपण लावून ठेवलं.

"निबंध स्पर्धेत परत घेतोय," ते म्हणाले. "पत्रही मीच लिहितो. त्यात माफीही असेल. बक्षिसाचं मात्र मी आत्ता सांगू शकत नाही."

"नकोच सांगायला," बाई म्हणाल्या.

"ही वही दोन दिवस माझ्याकडे ठेवली तर चालेल? आमच्या लोकांना दाखवावी म्हणतो."

"नको, सर," मुंगी म्हणाली. "त्यात अजून काम आहे. शेवटचं वाक्य मला पटत नाहीये."

प्राध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. ते शेवटचं वाक्य त्यांना पटलं होतं. त्यांच्या प्रश्नांच्या पलीकडे मुलगी कधी गेली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

स्पर्धेत मुंगीचा दुसरा नंबर आला. पहिला दुसऱ्या एका शाळेतल्या मुलाला मिळाला. आजोबांच्या आजारपणावरचा त्याचा निबंध बाईंनी मुद्दाम मागवून वाचला आणि तो खरोखरच चांगला होता. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. वकिलाने त्यातही एक प्रश्न काढला, तेव्हा बाईंना हसू आवरेना.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी घोषणा केली. 'आपल्या शाळेची उज्ज्वल परंपरा' असं ते तीनदा म्हणाले. त्यानंतर बाईंना बाजूला घेऊन ते म्हणाले, "जूनपासून 'अ' आणि 'ब'लाही हेच चालू करता येईल का? फक्त सहाऐवजी चार खर्ड्यांत नाही का भागणार?"

"नाही, सर."

"बरं, बरं. सहा तर सहा."

बक्षीस समारंभाला मुंगीचे बाबा त्याच निळ्या गणवेशात आले, फक्त तो इस्त्री केलेला होता. प्रमाणपत्र त्यांनी घरी फ्रेम करून लावलं आणि त्याची एक झेरॉक्स त्या अकरा मजली इमारतीच्या मशीनच्या खोलीत चिकटवली. तिथे कोण वाचणार असं कुणी विचारलं तर म्हणाले, "मी वाचतो की." इंग्रजी त्यांना अजून येत नव्हतं. पण कुठल्या ओळीत काय आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं.

समारंभाच्या दिवशी बाई घरी आल्या तेव्हा आई वाटच बघत होती.

"बक्षीस घ्यायला स्टेजवर तू गेलीस का?"

"मी कशाला? ती गेली. तिचे बाबा गेले."

"मग तू काय केलंस यात?"

बाईंनी चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली. समारंभ, टाळ्या, सरांचं भाषण हे सगळं सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण त्यांनी सांगितलं ते त्या गुरुवारचं. बोळातला म्हातारा, जाड सुई, उकिडवी बसलेली मुंगी.

"मी समोरच्या बाकावर बसले होते, आई. अर्धा तास. मला काही म्हणजे काही करावं लागलं नाही."

आई म्हणाली, "माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली होती. फार घाबरट. पहिल्यांदा तिने एकटीने पेशंटला सलाइन लावलं तेव्हा मी दारात उभी होते. हात मागे बांधून. पस्तीस वर्षांत मी काय काय केलं, ते आता आठवत नाही बघ. तेवढं दारात उभं राहिलेलं आठवतं."

ती उठली आणि पानं घ्यायला आत गेली. बाई त्या दिवशी भात दोनदा मागून घेऊन जेवल्या.